उजनीच्या पाण्यावर समुद्र

एप्रिलचा दुसरा पंधरवडा लागला की सोलापुरात कूलरचं गवत बदलायची आणि टँकरवाल्याचा नंबर शोधायची घाई सुरू होते. याच दिवसांत शहरातल्या मोजक्या घरांत आणखी एक माणूस बेचैन असतो. तो उठता-बसता दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीपाशी जातो आणि थर्मामीटर बघतो. बाहेर पारा ४२-४३ वर, घरात ३५ च्या आसपास, आणि टाकीतलं पाणी मात्र काहीही करून २८ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. त्या पाण्यात मीठ आहे, दगड आहेत, दोन-चार मासे आहेत. दगडांवर तांबडे, निळे, हिरवे, चपट्या छत्रीच्या आकाराचे जीव चिकटून बसलेत. शेजारचं पोरगं काचेला नाक लावून विचारतं, "काका, ह्ये खरं हाय का प्लॅस्टिकचं?"

खरं आहे. याला या छंदातली माणसं ‘मश्रूम कोरल’ किंवा नुसतंच ‘मश्रूम’ म्हणतात. त्याचा आळंबीशी काही संबंध नाही. तो प्राणी आहे, त्याला तोंड आहे, पोट आहे आणि वेळ आली तर तो शेजाऱ्याला दंशही करतो.

सोलापूरपासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास दूर. प्रवाळाशी आमच्या गावाचा जुना संबंध सराफ कट्ट्यापुरता: मंगळ बिघडला की अंगठीत घालायचं लाल पोवळं. ते भूमध्य समुद्राकडचं, तेही मेलेलं. जिवंत प्रवाळ घरात ठेवायचा विचार इथे कुणाच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. मुंबईला गेलेल्या पोरांनी मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय बघावं (ते १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलं) आणि गावी येऊन त्याचं वर्णन करावं, इतकंच. पुढे एलईडी दिवे आले, तयार सागरी मीठ पिशव्यांतून मिळू लागलं, आणि समुद्र नसलेल्या गावांतही समुद्र मांडता येऊ लागला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सोलापूरसारख्या गावात ज्याला हा नाद लागलाय, त्याने महागड्या फांद्याफांद्यांच्या प्रवाळांच्या मागे न लागता मश्रूमवर समाधान मानावं. हा जीव गरीब स्वभावाचा आहे. थोडं चुकलं तर सांभाळून घेतो. त्याला मारायचं असेल तर एक तर उकडावं लागतं, नाही तर फार लाड करावे लागतात. आपल्याकडे दोन्ही सहज होतं.

मश्रूम म्हणून विकले जाणारे बहुतेक जीव डिस्कोसोमा, ऱ्होडॅक्टिस आणि रिकॉर्डिया या प्रजातींतले. डिस्कोसोमा गुळगुळीत, ऱ्होडॅक्टिस केसाळ किंवा फोडाफोडांचा, रिकॉर्डियावर रंगीत मण्यांची दाटी. शास्त्रज्ञ यांना खऱ्या दगडी प्रवाळांपासून वेगळ्या गणात ठेवतात, कारण यांना सांगाडा नसतो. दगडी प्रवाळाला चुनखडीचं घर बांधायला पाण्यातून सतत कॅल्शियम ओढावं लागतं. ते मोजत बसणं आणि भरत राहणं हा रीफ टँकवाल्यांचा, म्हणजे प्रवाळांची टाकी ठेवणाऱ्यांचा, निम्मा उद्योग असतो. मश्रूमच्या बाबतीत तो जवळपास सुटतो.

त्याच्या कातडीत सूक्ष्म शेवाळ राहतं. दिवा लागला की ते शेवाळ अन्न बनवतं आणि त्यातला मोठा हिस्सा मालकाला देतं. रंगही काही अंशी या भाडेकरूंमुळेच. पाणी फार तापलं की हा करार मोडतो, शेवाळ बाहेर पडतं आणि प्राणी पांढरा पडतो. समुद्रातही नेमकं हेच घडतंय. नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त, तोही काही आठवडे टिकला, तर दगडी प्रवाळांची रांगच्या रांग पांढरी पडते. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने जगभरातल्या चौथ्या मोठ्या विरंजनाची, म्हणजे प्रवाळं पांढरी पडण्याची, घोषणा केली. त्याच उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळांनाही मोठा फटका बसला. एक अंशाने समुद्राचं हे होतं, तर दोनशे लिटरच्या टाकीचं मे महिन्यातल्या सोलापुरात काय होईल, याचा हिशेब प्रत्येकाने टाकी घेण्याआधी करावा.

या हिशेबात सोलापूरच्या बाजूने एक गोष्ट आहे, आणि ती मुंबईकरांकडे नाही. आपलं ऊन कोरडं आहे. टाकीच्या वरचं झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा छोटा पंखा लावला की पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं ते याच न्यायाने. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. दोनशे लिटर पाणी एक अंशाने थंड करायला साधारण ८४० किलोज्यूल पुरतात. म्हणजे जेमतेम ३५० मिलिलिटर पाणी उडालं की एक अंश उतरला. मुंबईच्या दमट मे महिन्यात हवेतच इतकी वाफ असते की पंख्याचा उपयोग जुजबी होतो. तिथे पाणी गार करणाऱ्या चिलरला पर्याय नाही. इथे दोन पंखे आणि ज्या खोलीवर पश्चिमेचं ऊन येत नाही ती खोली, एवढ्यावर मे निभावतो. चिलर घ्यायचाच असेल तर त्याची गरम हवा खोलीबाहेर सोडायची सोय आधी करा. नाही तर तो टाकी थंड करतो आणि खोली तापवतो, मग पुन्हा टाकी थंड करतो, आणि बिल तुमच्या नावावर येतं.

पंख्याची किंमत मात्र पाण्याने चुकवावी लागते. कडक उन्हाळ्यात अशा टाकीतून रोज चार-पाच लिटर पाणी सहज उडतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. दोनशे लिटरमधून रोज चार लिटर उडाले आणि भर घातली नाही, तर चार दिवसांत ते प्रमाण ३८ च्या घरात जातं. हा आकडा मुद्दाम चार दिवसांचा काढला. सोलापुरात बऱ्याच भागांत नळाला पाणी येतं तेच चार-पाच दिवसांआड. उजनी धरणातून पाणी निघालं, पाइप फुटला, वीज गेली, वेळापत्रक पुढे ढकललं, असं झालं की घरातला समुद्र खारट होत जातो. म्हणून इथला शहाणा छंदिष्ट टाकीसाठी वेगळे दोन कॅन भरून ठेवतो. घरच्यांनी ते चहाला वापरले तर होणारं भांडण हाही या छंदाचाच भाग समजावा.

भर घालायचं पाणी गोडं आणि शुद्ध हवं, खारं नको. मीठ तर टाकीतच आहे. नवख्यांची सगळ्यात जास्त गफलत इथे होते. दुसरी गफलत घरातल्या आरओची. आपल्या स्वयंपाकघरातल्या यंत्रात पाणी पिण्यालायक चवीचं व्हावं म्हणून मुद्दाम थोडे क्षार सोडलेले असतात. क्षार मोजणारं टीडीएस मीटर घालून पाहिलं तर पन्नास-शंभरचा आकडा सहज दिसतो. रीफ टाकीला शून्य किंवा त्याच्या आसपास लागतो. त्यासाठी आरओच्या पुढे रेझिनची एक नळी जोडतात, ती उरलेसुरले क्षार खाते. बोअरचं पाणी थेट आरओत घातलं तर मेम्ब्रेन लवकर बसतो, कारण आमचं बोअरचं पाणी किती जड आहे ते इथली गिझरची कॉइल बघून कुणालाही कळेल. आणि आरओ एक लिटर चांगलं पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. ज्या गावात बायका पहाटे नळाला पाणी येतं का म्हणून कान लावून बसतात, त्या गावात हे पाणी गटारात सोडणं मला तरी पटत नाही. ते बादलीत धरा. फरशी, भांडी, संडास, सगळीकडे चालतं.

मिठाबद्दल नेहमी एक प्रश्न येतो: बाजारातलं खडं मीठ का नाही चालत? शेवटी तेही समुद्राचंच ना? आहे समुद्राचंच, पण मिठागरात सोडियम क्लोराइड खाली बसलं की मॅग्नेशियम वगैरे असलेलं कडू पाणी वेगळं काढून टाकतात. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून साधारण ८५ टक्के भरतात. जीव जगतो तो उरलेल्या पंधरांवरही. म्हणून तयार रीफ सॉल्टच घ्यायचं. दोनशे लिटरला पहिल्यांदा सात किलो, मग आठवड्याला वीस लिटर पाणी बदललं तर दर वेळी सातशे ग्रॅम. खर्चाचा अंदाज यावरून आपापला करावा.

आता लाडाविषयी. गोड्या पाण्यातल्या माशांपासून इकडे वळलेल्या माणसाला स्वच्छतेचं वेड असतं. पाणी काचेसारखं, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. महागडी फांदीची प्रवाळं असतील तर ठीक. मश्रूमला हे सोवळं मानवत नाही. त्याला थोडं मळलेलं पाणी हवं. नायट्रेट ५ ते १५, फॉस्फेट ०.०५ च्या मागेपुढे, खारटपणा ३५, तापमान २५ ते २७ आणि ते दिवसभर फारसं हलायला नको. दोन्ही पोषकं शून्यावर आली की मश्रूम आक्रसतात, रंग उडतो, आणि मालक घाबरून आणखी पाणी बदलतो. अशा वेळी करायचं ते उलट: पाणी बदलणं काही दिवस थांबवा, माशांना थोडं जास्त खायला घाला.

उजेडाचंही तेच. दुकानात दिव्याची ताकद बघून भारावून जाऊ नका. मश्रूम समुद्रात बहुधा सावलीत, खोलावर, दगडाच्या कपारीत राहणारा. तीव्र दिव्याखाली तो आखडतो आणि फिका पडतो. फार अंधारात ठेवला तर देठ लांबवून उजेडाकडे ताणला जातो. टाकीच्या तळाजवळ, बाजूला, पाणी हलवणाऱ्या वेव्हमेकरचा झोत थेट न लागेल अशी जागा द्यावी. आमच्या घरांच्या दक्षिणेकडच्या खिडकीतून येणारं ऊन टाकीवर पडत असेल तर दिव्याची चर्चा करण्याआधी टाकी सरकवा.

जवळून बघितला तर हा प्राणी बोलका आहे. दिवे लागायच्या आधी तो मिटलेला, तीन-चार सेंटिमीटरचा, कडा खाली वळलेल्या. दिवे लागल्यावर तासा-दोन तासांत पाणी भरून घेत फुगतो, कधी दुप्पट होतो, आणि मधलं तोंड बारीक चिरेसारखं दिसतं. ते तोंड सतत उघडं, वासलेलं राहिलं किंवा आतून पांढरे धागे बाहेर लोंबू लागले तर समजा, पाण्यात काहीतरी बिघडलंय. कधी कधी तो जागेवर नाराज होऊन फुगतो, दगडावरचा पाय सोडतो आणि पाण्यावर तरंगत निघतो. अशा रात्री तो पंपाच्या तोंडात ओढला गेला की सकाळी टाकीत चिंध्या उरतात, आणि पाणी बिघडतं ते वेगळंच. पंपाला जाळी बसवायला अर्धा तास लागतो, आधीच बसवा. मात्र तो सरकून गेलेल्या जागी दगडावर पायाचा तुकडा राहिला असेल तर खरवडू नका. तीन-चार आठवड्यांत त्यातूनच नवीन पिल्लू उगवतं. मश्रूम वाढतो तो बहुतेक असाच, स्वतःचा पाय फाडून.

माणसंही हेच करतात. धारदार ब्लेडने तोंडावरून आरपार कापून दोन किंवा चार तुकडे करायचे, आणि छोट्या वाटीत प्रवाळाच्या चुऱ्यावर ठेवून वरून बारीक जाळी बांधायची. गोंद लावायच्या भानगडीत पडू नये. याच्या बुळबुळीत अंगाला काही चिकटत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत तुकडा आपणहून चुऱ्याला धरतो. कापताना हातमोजे आणि चष्मा घाला. मश्रूमपेक्षाही हे त्याच्या शेजारी विकल्या जाणाऱ्या झोअँथिडसाठी जास्त लागू, कारण त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं आणि त्याने माणसं रुग्णालयात पोचली आहेत.

गरीब स्वभावाचा म्हटलं, ते माणसाशी. शेजारी प्रवाळाशी त्याचं वागणं वेगळं. अंगाला अंग लागलं की ऱ्होडॅक्टिसच्या कडेवर काही आठवड्यांत फुगीर, दंश करणारी बोटं तयार होतात आणि शेजाऱ्याचं मांस जाळतात. हत्तीच्या कानासारखा अॅम्प्लेक्सिडिस्कस तर मासेही धरतो: कडा वर उचलून पिशवी करतो आणि आत शिरलेला जोकर मासा बाहेर येत नाही. तो शक्यतो घेऊच नये.

मश्रूमची ही ताकद किती असते ते प्रशांत महासागरातल्या पालमिरा बेटावर दिसलं. १९९१ साली तिथल्या प्रवाळमंचावर मासेमारीची एक लोखंडी बोट आपटली आणि तशीच पडून राहिली. वर्षं गेली. संशोधक पुन्हा बुडी मारून बघतात तर बोटीच्या भोवतीचा खडक ऱ्होडॅक्टिसने झाकून टाकलेला. दगडी प्रवाळं त्याखाली गुदमरलेली. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. बोटीपासून जितकं दूर जावं तितकी दाटी कमी होत होती. गंजणाऱ्या बोटीतून झिरपणारं लोखंड या सुकाळाचं कारण असावं, असा संशय व्यक्त झाला, आणि पुढे २०१३-१४ च्या सुमारास बोटीचे अवशेष उचलून नेण्यात आले. दुकानातली ‘रंग खुलवणारी’ ट्रेस एलिमेंट्सची बाटली टाकीत ओतायला जाणारा माझा हात हे कळल्यापासून आवरतो. घरात करायचं ते इतकंच: मश्रूमला मुख्य दगडांपासून सुटा, वाळूवर उभा असा स्वतंत्र दगड द्यायचा. तिथे तो हवा तेवढा पसरू दे.

यातली सगळ्यात अवघड बाजू पाण्याची नाही, कायद्याची आहे. प्रवाळं आपल्याच समुद्रात आहेत ना, मग मालवणला गेलं की एखादा तुकडा आणायला काय हरकत, असं अगदी सुशिक्षित माणसं बोलतात. मालवणचा किनारा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. तिथून शंखही उचलायचा नसतो. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळं, ऑर्गन पाइप आणि सी फॅन यांची भर पडली. पहिली अनुसूची म्हणजे वाघाची पंगत. मुंबईच्या कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या अवघ्या १८ छोट्या वसाहती हलवायच्या होत्या, तर महापालिकेलाही वन्यजीव कायद्याखाली रीतसर परवानगी घ्यावी लागली, आणि २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली त्या उचलल्या गेल्या.

मग मश्रूम कुठे बसतो? सांगाडा नसलेल्या त्याच्या गणाचं नाव त्या यादीत नाही. पण इथे एक खोच आहे. फंगिया नावाचं एक खरं दगडी प्रवाळ आहे, वाळूवर सुटं पडून राहणारं, आळंबीच्या टोपीच्या आतल्या चुण्यांसारखं दिसणारं, आणि पुस्तकांत त्यालाही मश्रूम कोरलच म्हणतात. ते पहिल्या अनुसूचीतलं. खाली सांगाडा लागला, हाताला टणक वाटलं, की ते दुकान सोडून निघावं. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा दगडही बऱ्याचदा मेलेल्या प्रवाळाचाच असतो, आणि मेलेलं म्हणून कायदा सोडत नाही. सिमेंट-मातीपासून बनवलेले कोरडे दगड मिळतात. पाण्यात चार-सहा आठवडे राहिले की त्यांच्यावरही उपयोगी जिवाणू वस्तीला येतात आणि काम तेवढंच करतात. मश्रूमही कुणाच्या तरी टाकीत कापून वाढवलेलाच घ्या. तो समुद्रातून आलेल्यापेक्षा निबरही असतो.

घरगुती धोक्यांपैकी दोन सोलापूरकरांनी लक्षात ठेवावेत. डेंग्यूच्या दिवसांत गल्लीत धुराचं मशीन फिरतं. त्या धुरातलं कीटकनाशक हवेच्या पंपातून टाकीत शिरतं. कोळंबीसारखे जीव आधी मरतात, मश्रूम मागाहून आक्रसतो. मशीनचा आवाज आला की खिडक्या लावा, एअरपंप बंद करा आणि वेव्हमेकर तेवढा चालू ठेवा. दिवाळीच्या रंगरंगोटीलाही हेच. दुसरा धोका विजेचा. इन्व्हर्टरवर चिलर चालणार नाही, पण दहा-वीस वॉटचा वेव्हमेकर रात्रभर चालतो. पाणी हलतं राहिलं तर प्राणवायू मिळतो, आणि गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. वीज जाताच लोक धावतात ते दिव्यामागे. मश्रूमला दोन दिवस अंधार काहीच करत नाही.

हिवाळा विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत सोलापूरची रात्र १२-१५ अंशांपर्यंत उतरते, दुपारी तीसच्या घरात जाते. हीटर लागतोच, आणि तो २५ वर लावून ठेवायचा. मी मात्र मार्चपासून २७ वर ठेवतो आणि जूनपर्यंत हलवत नाही. पंख्याला २५ गाठायची सक्ती केली तर दुपारी आणि पहाटे पाण्यात तीन-चार अंशांची चढउतार होते, आणि ती त्या दोन अंशांपेक्षा वाईट.

टाकी मांडायचा विचार मनात आला असेल तर हिवाळ्याची सुरुवात ही वेळ चांगली. तेव्हा दगड आणि मीठपाणी भरून ठेवा, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत काही घालू नका, संक्रांतीनंतर एक-दोन मासे आणि फेब्रुवारीत पहिला मश्रूम. पहिल्या मे महिन्यात काहीही नवीन विकत घेऊ नका. आणि फेब्रुवारीत दुकानात जाल तेव्हा दर विचारायच्या आधी हा मश्रूम कुणाच्या टाकीत वाढला ते विचारा. उत्तर नीट मिळालं नाही तर रिकाम्या हाताने परत या.